नंबर लिहिता तशी वेळही लिहा : कोकणातल्या तालुका-जिल्हा क्रीडा स्पर्धा भरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कोकणातल्या शालेय क्रीडा स्पर्धा भरवणारे सगळे अधिकारी, तालुका क्रीडा समितीतली मंडळी आणि शाळाशाळांतले पीटीचे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. ८०० आणि १५०० मीटरच्या शर्यतीत आपण पहिला, दुसरा, तिसरा एवढं लिहितो आणि वही मिटतो. पोरगा किती वेळात धावला हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि चौथ्यापासून पुढच्यांचं तर नावसुद्धा राहत नाही. माझी मागणी एकच आहे, की धावलेल्या प्रत्येक मुलाची वेळ लिहा, आणि जमेल तिथे प्रत्येक फेरीची पण लिहा. मैदान, बूट, किट हे सगळं नंतरचं, ते मिळेल तेव्हा मिळेल, वेळ लिहायला मात्र पैसे लागत नाहीत. हे एवढं मनावर घेऊन का लिहितोय ते सविस्तर सांगतो, जरा मोठं होईल पण वाचा.

पॅरिस ऑलिम्पिकची पुरुषांची १५०० मीटरची फायनल किती जणांनी बघितली माहीत नाही. ६ ऑगस्ट २०२४, म्हणजे आपल्याकडे ७ तारीख लागली होती, रात्रीचे बारा वीस. त्या संध्याकाळी विनेश फोगाट फायनलला पोचली होती, हॉकीची सेमीफायनल आपण जर्मनीशी ३-२ ने हरलो होतो, त्यामुळे हॉकी संपल्यावर बहुतेक घरांत दिवे मालवलेच असणार. पण त्यानंतर स्टाद द फ्रान्सवर जी शर्यत झाली ती माझ्या मते पूर्ण ऑलिम्पिकमधली शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट होती आणि प्रत्येक हायस्कूलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवावी अशी आहे, साडेतीन मिनिटांचं तर काम.

सगळी चर्चा दोघांची होती. एक नॉर्वेचा याकोब इंगेब्रिगत्सेन, टोकियोचा ऑलिम्पिक चॅम्पियन, आणि दुसरा ब्रिटनचा जॉश कर, २०२३ ला बुडापेस्टमध्ये याच याकोबला शेवटच्या टप्प्यात मागे टाकून वर्ल्ड चॅम्पियन झालेला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ ला युजीनमध्येही याकोब असाच शेवटी जेक वाइटमनकडून हरला होता. म्हणजे दोन वर्ल्ड चॅम्पियनशिप, दोन्हीकडे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मार खाल्ला. म्हणून पॅरिसला त्याने ठरवलं की शेवटपर्यंत वाट बघायचीच नाही, पहिल्यापासून पुढे राहून इतका वेग लावायचा की बाकीच्यांच्या पायात शेवटच्या धावेसाठी काही उरूच नये. पहिले ४०० मीटर त्याने ५५ सेकंदांच्या आत काढले. दीड हजार मीटरला हे फार फास्ट असतं, आणि तो पुढे ओढत राहिला आणि बाकीचे मागे चिकटून राहिले, कोणी सुटलं नाही. शेवटच्या फेरीत अमेरिकेच्या कोल हॉकरने आतल्या बाजूने घुसायचा प्रयत्न केला, जागा मिळाली नाही, मागे सरकला, आणि सरळ धावपट्टीवर याकोब करकडे बघत थोडा बाहेर सरकला तशी आत फट पडली आणि हॉकर तिथून निघाला तो थेट पहिला. वेळ ३:२७.६५, नवा ऑलिम्पिक रेकॉर्ड. कर ३:२७.७९, तिसरा यारेड नुगुसे ३:२७.८०. दुसऱ्या-तिसऱ्यात सेकंदाचा शंभरावा भाग.

आणि याकोब चौथा. मेडल नाही. पण आता इथे नीट बघा, त्याची वेळ होती ३:२८.२४ आणि आधीचा ऑलिम्पिक रेकॉर्ड, जो टोकियोमध्ये त्याने स्वतःच केला होता, तो होता ३:२८.३२. म्हणजे माणूस स्वतःचाच ऑलिम्पिक रेकॉर्ड मोडून चौथा आला. ही गोष्ट आपल्याला कळते कारण कोणीतरी त्याची वेळ लिहून ठेवली. आपल्या तालुक्याच्या कागदावर हीच शर्यत झाली असती तर हॉकर, कर, नुगुसे अशी तीन नावं असती आणि बस. चौथा पोरगा घरी जाऊन आईला सांगणार की नंबर नाय आला, आणि आई म्हणणार जाऊदे, आता अभ्यासाला बस.

असं आपल्याकडे खरंच होतं. माझा भाचा गेल्या खेपेला तालुक्याला १५०० मध्ये चौथा आला. त्याआधीच्या वर्षी तो बराच मागे होता. मी शेवटच्या रेषेजवळ विचारलं किती वेळ लागला, तर तिथल्या टेबलावर सांगितलं की वेळ घेतलेली नाही, पहिल्या तिघांचे चेस्ट नंबर घेतलेत. पोरगा सुधारला का, किती सुधारला, पहिल्याच्या किती मागे होता, चार सेकंद की चाळीस, कशाचा पत्ता नाही. मी कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, तिथले सर सकाळी सहापासून उभे होते, पाणी प्यायलासुद्धा वेळ नव्हता. पण त्या पोराने पुढच्या वर्षी कशाच्या मागे धावायचं? त्याच्याकडे स्वतःचा एकही आकडा नाही.

नंबर हा त्या दिवशी समोर कोण आलं त्यावर ठरतो. वेळ ही त्या पोराची स्वतःची असते.

लंडन २०१२ ची ८०० मीटरची फायनल घ्या. केनियाचा डेव्हिड रुडिशा, पेसमेकर म्हणजे वेग लावून द्यायला पुढे धावणारा कोणी नाही, पहिल्यापासून एकटा पुढे, पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत आणि शेवटी १:४०.९१, वर्ल्ड रेकॉर्ड. हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्या शर्यतीत शेवटचा, आठवा कोण होता? ब्रिटनचा अँड्र्यू ओसागी, १:४३.७७. आता त्याआधीच्या तीन ऑलिम्पिकचं सोनं किती वेळेत गेलं बघा, सिडनी २००० ला १:४५.०८, अथेन्स २००४ ला १:४४.४५, बीजिंग २००८ ला १:४४.६५. म्हणजे लंडनला शेवटून पहिला आलेला माणूस त्याच वेळेत आधीच्या तिन्ही ऑलिम्पिकचं सोनं घेऊन गेला असता. नुसता नंबर लिहिला तर काय दिसलं असतं, आठवा.

आणि त्याच शर्यतीतला दुसरा, बोट्स्वानाचा नायजेल अमोस, तेव्हा १८ वर्षांचा. तिसरा केनियाचा टिमथी किटुम, १७ वर्षांचा. आपल्या १९ वर्षांखालच्या गटात बसतील अशी दोन पोरं ऑलिम्पिकच्या स्टेजवर. अमोस १:४१.७३ धावला आणि नंतर त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, एवढं सगळं दिलं होतं त्याने. अमोसचं ते मेडल बोट्स्वाना देशाचं पहिलं ऑलिम्पिक मेडल. आपण ज्या वयाच्या मुलांची वेळ लिहायची तसदी घेत नाही ते वय हे आहे.

आता आपल्या देशातलं उदाहरण, आणि मला वाटतं हे तर प्रत्येक पीटीच्या सरांनी वर्गात सांगावं. १९७६, माँट्रिअल ऑलिम्पिक, ८०० मीटर फायनल. राजपुताना रायफल्सचा श्रीराम सिंग, कोच इलियास बाबर. फायनलमध्ये पहिली फेरी श्रीराम सिंगने पुढे राहून जोरात ओढली, साधारण ५१ सेकंदांच्या आत, आणि त्याच्या मागून क्युबाचा अल्बर्टो युआन्तोरेना निघाला आणि १:४३.५० चा वर्ल्ड रेकॉर्ड करून जिंकला. नंतर युआन्तोरेनाने स्वतः श्रीराम सिंगच्या त्या पेसला श्रेय दिलं होतं. श्रीराम सिंग सातवा आला. वेळ १:४५.७७. आणि हा १:४५.७७ भारताचा राष्ट्रीय रेकॉर्ड म्हणून ४२ वर्षं टिकला! २०१८ साली जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ धावून तो मोडला, तेव्हा कुठे. या ४२ वर्षांत जो जो भारतीय पोरगा ८०० मीटर धावला त्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर हा एक आकडा होता. सातव्या नंबरच्या माणसाचा आकडा. तो कोणी लिहिलाच नसता तर पुढच्या पोरांनी काय मोडायचं होतं?

आता तुमच्यातले जाणकार मला बरोबर अडवतील. म्हणतील, अहो पण चॅम्पियनशिपला वेळ कोण बघतो, मेडल नंबराला मिळतं. खरं आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोला वर्ल्ड चॅम्पियनशिपची १५०० फायनल झाली, ती तर संथ झाली. पोर्तुगालचा इसाक नादेर ३:३४.१० मध्ये जिंकला, वाइटमन ३:३४.१२ ने दुसरा, अगदी रेषेवर हातचं सोनं गेलं त्याचं. पॅरिसच्या वेळेपेक्षा ही सहा सेकंदांहून जास्त हळू शर्यत, तरी सोनं ते सोनंच. जकार्ताच्या २०१८ च्या एशियन गेम्समध्ये पण तेच, ८०० ला सगळे जिन्सन जॉन्सनकडे बघत होते आणि मनजीत सिंग मागून शेवटच्या सरळ पट्टीवर असा आला की १:४६.१५ मध्ये सोनं घेऊन गेला, जिन्सन १:४६.३५ वर दुसरा. आणि मग त्याच जिन्सनने दोन दिवसांनी १५०० चं सोनं घेतलं. हे सगळं डावपेचाचं काम, नुसत्या घड्याळाचं नाही.

पण हे डावपेच करायला डोक्यात घड्याळ असावंच लागतं की. मनजीत मागे राहिला तो घाबरून राहिला नाही, त्याला माहीत होतं पुढच्यांचा वेग काय आहे आणि आपल्या पायात शेवटी किती उरणार आहे. याकोबने पॅरिसला पहिली फेरी फास्ट काढली तो पण हिशोबच होता, त्या दिवशी अंगावर आला एवढंच, आणि चारच दिवसांनी त्याने ५००० मीटरचं सोनं घेतलं. हळू धावायचं की जोरात, पुढे राहायचं की लपून राहायचं, हे ठरवायला आधी स्वतःचा आकडा माहीत पाहिजे. ज्याला आपली २०० मीटरची फेरी किती सेकंदांची हेच माहीत नाही तो डावपेच कशाचा करणार, तो फक्त शिट्टी वाजली की सुटतो.

आणि आपल्या मैदानावर नेमकं तेच दिसतं. तुम्हीही बघता, मीही बघतो. शाळेचं मैदान, फक्कीने मारलेला २०० चा ट्रॅक, तीस-चाळीस पोरं एका रेषेवर, शिट्टी, आणि पहिल्या फेरीला सगळे शंभर मीटर धावल्यासारखे पळतात. बाहेरून आरडाओरडा, पळ पळ पळ. तिसऱ्या फेरीला निम्मे चालायला लागतात, दोघं-तिघं पोट धरून खाली बसतात, आणि जो सावकाश निघाला होता असा एखादा गपचूप पुढे येतो. मग लोक म्हणतात त्याचा दम चांगला. दम चांगला असेलही पण बाकीच्यांचा वाईट होता असं नाही, त्यांना कोणी वेग सांगितला नव्हता.

शरीराचं गणित सरळ आहे. १५०० मीटरला लागणाऱ्या ताकदीचा जवळजवळ चार पंचमांश भाग श्वासातल्या ऑक्सिजनवर चालतो, ८०० ला पण अर्ध्याहून बराच जास्त. उरलेली ताकद ऑक्सिजनशिवायची, ती थोडीच असते आणि ती संपली की पाय जड होतात, श्वास भरून येतो, मन कितीही म्हणालं तरी पाय उचलत नाहीत. ती ताकद शेवटच्या टप्प्यासाठी राखायची असते. आपलं पोरगं ती पहिल्या दीडशे मीटरमध्ये उडवतं, कारण त्याला कोणी सांगितलेलं नाही की बाळा, तुझी ही फेरी चाळीस सेकंदांची पाहिजे, तू तेहेतीसला आलास.

चाळीस हा आकडा मी असाच नाही घेतला. १५०० मीटर म्हणजे २०० च्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या. पाच मिनिटांत संपवायचं तर बरोबर ४० सेकंदांची एक फेरी. नववी-दहावीतल्या पोराला एवढंच सांगायचं, की प्रत्येक फेरी चाळीस. पहिल्या फेरीला रेषेवर कोणीतरी मोठ्याने ओरडलं, अडतीस, तर त्याला कळेल जरा दमाने घ्यायला हवं, त्रेचाळीस ओरडलं तर कळेल वाढवायला हवं. दोन-तीन शर्यतींत पोरगा स्वतःच अंगाने ओळखायला लागतो. आणि मग त्याला सांगा की कोल हॉकरने अशीच २०० मीटरची सरासरी २८ सेकंदांच्या आत धरली, साडेसात वेळा. बघा त्याचे डोळे कसे होतात!

आणखी एक, जे आपल्या भागात सगळ्यांना लागू पडतं. पोलीस भरती. कोकणात कुठल्याही गावात पहाटे जा, रस्त्याला पोरं धावताना दिसतील, सागरी महामार्गावर, सड्यावर, वाळूत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत काढलं तर २० पैकी २० मार्क, सेकंद वाढले की मार्क गेले. तिथे नंबर कोणी विचारत नाही, फक्त घड्याळ. म्हणजे बघा, शाळेत दहा वर्षं पोराला सांगितलं की नंबर महत्त्वाचा, आणि ज्या दिवशी पोटापाण्याची गोष्ट आली त्या दिवशी एकदम सगळं वेळेवर. मी सकाळी भरतीच्या पोरांबरोबर धावतो म्हणून सांगतो, वीस-बावीस वर्षांची पोरं येतात, शाळेत तालुक्याला मेडल घेतलेली, आणि त्यांना विचारलं १६०० किती वेळात जातं तर सांगता येत नाही. ५:१० म्हणजे २०० ची फेरी पावणेएकोणचाळीस सेकंदांची, हा हिशोब त्यांना पहिल्यांदा कळतो तेव्हा भरतीला महिना-दीड महिना उरलेला असतो. हाच हिशोब आठवीत कळला असता तर?

बरं, आपली पोरं कमी आहेत का? अजिबात नाही. वाडीतून शाळेपर्यंत पाखाडी चढून-उतरून जाणारी पोरं आहेत ही, सड्यावर गुरांमागे पळलेली, पावसात चिखल तुडवलेली. पण जिल्ह्याच्या पुढे गेलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात, म्हणजे समोर सातारा, सांगली, कोल्हापूर. घाटावरची पोरं. साताऱ्याच्या माण तालुक्यातून ललिता बाबरसारखी ऑलिम्पिक फायनलला धावलेली मुलगी आली, ती हवाच वेगळी. विभागाला माझा भाचा नाही पण त्याच्या शाळेतला एक मुलगा गेला होता, तो सांगत होता की तिथली पोरं वॉर्मअप करताना एकमेकांना विचारत होती, तुझं टायमिंग किती, तुझं किती. आमचा पोरगा गप्प. त्याला उत्तरच माहीत नव्हतं. धावायच्या आधीच अर्धा हरला तो.

पावसाचं कारण आपण नेहमी देतो. चार महिने मैदानात पाणी, जुलैत सराव नाही, गणपतीत सगळं बंद, आणि गणपती झाले की लगेच स्पर्धा. हे सगळं खरंच आहे, मी नाकारत नाही. पण जिन्सन जॉन्सन कुठला आहे? केरळातल्या कोझिकोड जिल्ह्यातल्या चक्किट्टपारा गावचा. आपल्यासारखाच समुद्र, आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखाच लाल चिऱ्याचा मुलूख. तिथून दोन एशियन मेडल एका स्पर्धेत घेणारा, ८०० चा ४२ वर्षांचा रेकॉर्ड मोडणारा माणूस निघतो. आणि पावसाच्या बाहेर आठ महिने आपल्याकडे किनारा आहे की, गुहागरसारख्या किनाऱ्यावर सुकतीच्या वेळी ओली वाळू अशी घट्ट होते की टेप टाकून २०० मीटर सरळ आखून घ्या, दोन टोकांना दोन काठ्या, पोरं धावतील. फक्त उताराचा भाग टाळून जिथे सपाट आहे तिथे घ्यायचं आणि जाताना एक पाय येताना दुसरा पाय खालच्या बाजूला येईल असं ठेवायचं, नाहीतर गुडघे दुखतात.

पीटीच्या सरांबद्दल एक बोलायचं आहे. अनेक शाळांत क्रीडाशिक्षक नाहीच, गणिताचे नाहीतर भूगोलाचे सर तो तास घेतात, आणि ते म्हणतात आम्ही कुठे ट्रेनिंग घेतलंय. सर, रुडिशाचा कोच माहीत आहे का कोण? ब्रदर कॉल्म ओ'कॉनेल. आयर्लंडहून १९७६ साली केनियातल्या इटेन गावी सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायला आलेला मास्तर. धावण्याच्या कोचिंगचं शिक्षण नव्हतं. पोरं बघत गेला, शिकत गेला, आणि त्या एका शाळेतून जगातले मोठमोठे धावपटू निघाले. तुम्ही भूगोलाचे असाल तर कमी पडता असं कोणी म्हणू शकत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रातलाच अविनाश साबळे बघा. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथे धावायला लागला. स्टीपलचेस धावतो, ३००० मीटर, त्यात अडथळे आणि पाण्याचा खड्डा. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये ८:११.२० ने रौप्य, सोनं घेणारा केनियाचा अब्राहम किबिवोत ८:११.१५. पाच शतांश सेकंद. त्याने राष्ट्रीय रेकॉर्ड पुन्हा पुन्हा मोडला आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो स्वतःचाच होता. पुढे कोणी नसताना माणूस स्वतःच्या वेळेच्या मागे धावत राहिला. हे त्याला शाळेत कोणी शिकवलं नाही, लष्करात गेल्यावर मिळालं. आपल्या किती पोरांना लष्करात जायला मिळणार? म्हणून शाळेत मिळायला पाहिजे.

आता कसं करायचं ते. मला माहीत आहे माणसं कमी असतात, दिवसभरात सगळ्या गटांच्या शर्यती उरकायच्या असतात, ऑनलाइन फॉर्म, पोषण आहार, इलेक्शनची कामं हे सगळं त्याच सरांच्या डोक्यावर असतं. म्हणून जे बिनखर्चाचं आहे तेवढंच मागतोय. शेवटच्या रेषेवर एक जण घड्याळ बघून मोठ्याने सेकंद म्हणत राहील, दुसरा चेस्ट नंबर सांगत राहील, तिसरा लिहील. तीन माणसं. दहावीची तीन हुशार मुलं-मुली पण करतील हे, आवडीने करतील. किंवा त्याहून सोपं, मोबाईल स्टँडवर लावा, शिट्टीच्या आधी व्हिडिओ चालू करा आणि शेवटचा पोरगा येईपर्यंत बंद करू नका, संध्याकाळी बसून प्रत्येकाची वेळ काढता येते. सेकंदाचा शंभरावा भाग नाही मिळणार, नको आहे तो. पॅरिसला ८०० च्या फायनलमध्ये केनियाचा इमॅन्युएल वान्योनी १:४१.१९ आणि कॅनडाचा मार्को अरोप १:४१.२०, तिथे जेमतेम चार बोटांच्या अंतराने सोनं-रुपं ठरतं, तिथे लागतो फोटोफिनिश. आपल्याला अर्धा सेकंद इकडेतिकडे चालेल.

एक मात्र काळजी घ्या, ट्रॅक खरोखर २०० चा आहे का ते टेपने मोजा, नजरेने नको. फक्कीच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून मोजायचं असतं. ट्रॅक दहा मीटर कमी निघाला तर १५०० ला पाऊणशे मीटर कमी धावणं होतं, मग ती वेळ पोराला फसवते आणि विभागाला गेल्यावर तोंडघशी पडतो. आणि चाळीस पोरं एकदम सोडू नका हो, दोन-तीन गटांत सोडा. वळणावर बाहेरून धावणाऱ्याला प्रत्येक लेनमागे एका पूर्ण फेरीत सात मीटरच्या वर जादा पडतं, एवढ्या गर्दीत चांगला पोरगा पण बाहेरच्या बाहेर फेकला जातो. गटात सोडलं आणि वेळ लिहिली की वेळेवरूनच नंबर काढता येतील, भांडणही होणार नाही. शेवटच्या फेरीला घंटा वाजवा, शाळेची पितळी घंटा असतेच ना, तीच आणा. आणि ८००-१५०० कृपा करून दुपारी दीड वाजता ऑक्टोबरच्या उन्हात ठेवू नका, सकाळी पहिल्या घ्या, गोळाफेक दुपारी झाली तर काही बिघडत नाही.

मग त्या वेळांचा कागद तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवा, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला तरी पुरे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांचा. दरवर्षीचा जपून ठेवा. पाच वर्षांनी आपल्या तालुक्याचा १५०० चा रेकॉर्ड काय आहे हे कोणालातरी सांगता येईल, आज ते कोणालाही सांगता येत नाही. मुलींचं पण तेवढ्याच काळजीने लिहा, मी इथे पुरुषांच्या शर्यतींची उदाहरणं दिली कारण भाच्यामुळे त्याच जास्त बघितल्यात, पण घड्याळ सगळ्यांना सारखंच.

यंदाच्या तालुका स्पर्धेची तारीख ठरली की कळवा. मी आणि आमच्या सकाळच्या भरतीच्या ग्रुपमधली पोरं, दोन स्टॉपवॉच, मोबाईल आणि टेप घेऊन आदल्या दिवशी ट्रॅक मोजायलाच येतो आणि दुसऱ्या दिवशी शेवटची शर्यत संपेपर्यंत रेषेवर थांबतो. मानधन नको, चहा पण आम्ही आमचा आणू. इतर तालुक्यांत कोणाला असंच करायचं असेल तर लिहायचा तक्ता कसा आखायचा तो मी पाठवून देईन, एका पानाचा आहे.

आपला,
गुहागर तालुक्यातला एक मामा